जागल्याची पाळी

"आधी झोप," कॅप्टन म्हणाले. "मग काय डोकी फोडायची ती फोडा."

पण आज डोकी फोडायची घाई सगळ्यांनाच होती. डब्यांना झाकणं लागायच्या आत जावयांनी विषय काढला होता आणि कॅप्टनच्या थोरल्या मुलाने तोंडाशी नेलेला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला होता.

जेवण नेहमीप्रमाणे हँगरमध्येच होतं, म्हातारीच्या पंखाखाली. म्हातारी म्हणजे कॅप्टननी घेतलेलं पहिलं विमान. तिच्यात आता इंजिनसुद्धा उरलेलं नाही, पण तिला विकायचं नाव काढलं की कॅप्टनना ऐकू येईनासं होतं. ज्या तीन विमानांच्या भाड्यावर सगळ्यांचं घर चालतं ती बाहेर उन्हात उभी, आणि जिच्यावर काहीच चालत नाही ती सावलीत, असा इथला न्याय. छपरात अधूनमधून बसवलेल्या पांढऱ्या पत्र्यांतून ऊन दुधासारखं पाझरत खाली यायचं. तेलाचा आणि रबराचा वास त्या उजेडात मिसळून असा काही मऊ व्हायचा की नवख्या माणसालाही जांभई यावी.

जेवल्यावर या पंखाखाली सगळ्यांनी झोपायचं आणि काय ठरवायचं ते उठल्यावर ठरवायचं, ही कॅप्टनची शिस्त होती. उपाशी माणसाने बाजारात जाऊ नये आणि जागरण झालेल्याने शब्द देऊ नये, असं ते म्हणायचे. दुसरं विमान घ्यायचं असंच ठरलं. धाकटीचं लग्नही असंच ठरलं. जावई तेव्हा नुसते पायलट होते. मुलीला मागणी घालायला आले, तर त्यांच्या हातात आधी सतरंजी देण्यात आली होती.

झोपणाऱ्यांना उठवायला एकाने जागं राहायचं. तो त्या दिवसाचा जागल्या. गळ्यात पितळी शिट्टी अडकवून त्याने "मी आहे" म्हटलं की बाकीच्यांनी निर्धास्त डोळे मिटायचे. पाळी सगळ्यांना यायची. कॅप्टनना मात्र कधीच आली नाही. नियम करणाऱ्याला तेवढी सवलत असतेच.

आज पाळी जावयांची होती. शिट्टी त्यांच्यासमोर ठेवलेली होती, पण ते तिला हात लावत नव्हते.

"दादा, मी घरचा माणूस म्हणून बोलत नाहीये," ते म्हणाले. "बाकीच्या पायलटांनी मला पुढे केलंय."

"म्हणजे पुढारी झालात," थोरला म्हणाला.

"तसं समजा. पगार उडण्याचा मिळतो, थांबण्याचा मिळत नाही. त्या खाणवाल्या गिऱ्हाइकाला सकाळी नेऊन सोडायचं आणि त्याची कामं होईपर्यंत दिवसभर कुठल्यातरी विमानतळावर ड्रायव्हरांच्या बाकड्यावर बसायचं. ती ड्यूटी नाही तर काय सहल आहे? सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन उशाशी घ्यायचा. डॉक्टरी तपासणीत कुणी अडकला की दुसऱ्या दिवसापासून तो बिनपगारी घरी. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे 'नाही'चा नियम."

"त्या नियमाला नावं ठेवू नका," कॅप्टन सतरंजी झटकत म्हणाले. "दमलोय म्हटलं की कारण विचारायचं नाही, हा नियम मी केलाय. असं दुसरीकडे कुठे नाही."

"कारण विचारत नाही, कॅप्टन, पण त्या दिवसाचा भत्ता कापता. त्यापेक्षा कारण विचारलेलं परवडलं असतं. मूळ पगार एवढासा, घर चालतं ते भत्त्यावर. मग कोण म्हणेल दमलोय?"

"नाही कापला तर उद्या सगळेच दमतील."

"दमलेच आहेत," जावई म्हणाले.

धाकटी इतका वेळ डबे एकात एक बसवत होती. कुणाला कधी कुठे पाठवायचं हे तीच ठरवायची आणि ड्यूटीचा फोन तिच्याच कमरेला असायचा. प्रत्येक वाक्य आपल्यालाच लागतंय असं तिला वाटायला लागलं.

"मला कळू दे तरी, गुन्हेगार कोण आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "पहाटे फोन येतो तो मला येतो. मी कुणाला पाठवू? विमानाला सांगू, तू एकटंच जा म्हणून?"

"तुला कोण बोलतंय?"

"तू बोलतोयस. सगळ्यांदेखत."

"वन्सं बरोबर बोलतायत," वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, मध्ये पडल्या. नणंद-भावजयींचं एकमत झाल्याचं पाहून कॅप्टननी सतरंजी झटकणंसुद्धा थांबवलं. "घरातल्या घरात संप करायचा का आता?"

"आणि खर्च कुणी बघायचा?" थोरल्याला जोर चढला. "मागे तुम्ही आणि माझ्या पोरीने सांगितलं, रेडिओ बिघडला. सगळा रेडिओ काढून तपासायला पाठवला. विमान जमिनीवर बसून राहिलं. मेकॅनिकला मी वाट्टेल ते बोललो. आणि सापडलं काय, तर काहीच नाही! रेडिओ ठणठणीत!"

जावई ताटातल्या खरकट्याकडे बघत राहिले. त्यांच्याशेजारी बसलेली नात, थोरल्याची मुलगी, हात धुवायला म्हणून उठली. तिचे हात धुऊन झालेले होते. वर्षभरापूर्वी ती को-पायलट झाली, तेव्हा आख्ख्या घराने तिचा गणवेश आळीपाळीने इस्त्री केला होता. अलीकडे तो गणवेश तिच्या अंगावर मोठा दिसायला लागला होता, पण तिला कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

"पलीकडच्या कंपनीने मला बोलावलंय," जावई हळूच म्हणाले. "आज अंधार पडायच्या आत हो की नाही कळवायचंय. मी गेलो तर बाकीचेही येतील माझ्यामागे."

पलीकडची कंपनी म्हणजे धावपट्टीच्या त्या बाजूचं निळं हँगर. सगळे पायलट गेले तर या बाजूला तीन विमानं, एक म्हातारी आणि भांडायला नातेवाईक, एवढंच उरणार होतं.

"मला नाही सांगितलंस," धाकटी म्हणाली.

"कधी सांगू? मी घरी येतो तेव्हा तू झोपलेली असतेस. तू उठतेस तेव्हा मी झोपलेलो असतो."

"मीही जाईन काकांबरोबर," नात नळापाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली.

"तू गप्प बस!" वहिनी ओरडल्या. छपरातल्या चिमण्या उडून परत बसल्या.

कॅप्टन तोवर आडवे झाले होते. म्हातारीच्या आतून काढलेल्या दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या की त्यांचा पलंग तयार व्हायचा. डोळे मिटूनच ते म्हणाले, "जावईबापू, आज खाणवाल्याला तुम्ही आणि ही पोरगीच घेऊन जाणार ना? मग तुमच्या आणि आमच्या भांडणाचं उठल्यावर बघू. शिट्टी घ्या."

जावयांनी शिट्टी गळ्यात घातली आणि हत्यारांच्या पेटीवर बसले.

"मी आहे," ते म्हणाले.

*

धाकटीला झोप लागली, पण ती पार तळाशी गेली नाही. ती ढगांच्या एका लांबच लांब ओसरीवर उभी होती आणि कुठेतरी फोन वाजत होता. ती प्रत्येक ढग उचलून खाली बघत होती. एका ढगाखाली सगळे पायलट ओळीने उभे होते आणि शाळेतल्या मुलांसारखे म्हणत होते, येतो, येतो, येतो. त्यांचे डोळे मिटलेले होते. "अरे, नाही म्हणा ना कुणीतरी!" असं तिला म्हणायचं होतं, पण तिच्या तोंडून दुसरंच निघालं. "लवकर या," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले. पांढऱ्या पत्र्याखालचा उजेड जमिनीवरून पुढे सरकून आता जावयांच्या बुटांवर आला होता. ते पेटीवर ताठ बसलेले होते, पाठ टेकलेली नव्हती, हात गुडघ्यांवर होते. आणि ते गाढ झोपलेले होते.

इतक्या वर्षांत शिट्टी गळ्यात घालून कुणी झोपलं नव्हतं. एरवी यावर वर्षभर चेष्टा चालली असती. पण धाकटीला हसू आलं नाही. बसल्या बसल्या, पट्ट्याने बांधल्यासारखं ताठ झोपायला हा कुठे शिकला, हे तिच्या लक्षात आलं, आणि ती कोपर टेकून अर्धवट उठली.

"उठवू नकोस त्यांना," शेजारून नात पुटपुटली. ती जागी होती. डोळे छपराकडे होते आणि पाणी कानांकडे वाहत होतं.

"काय झालं गं?"

"आत्या, सांगितलं तर ओरडशील."

"ओरडले तर सगळे उठतील. सांग."

"रेडिओ बिघडला नव्हता."

धाकटीने नुसती आपली सतरंजी तिच्याजवळ सरकवली.

"खाणवाल्याला त्याच्या कामांनंतर दुसऱ्या गावी सोडून आम्ही रिकामं विमान घेऊन परत येत होतो. पहाटेपासून बाहेर होतो. दिवसभर त्या बाकड्यावर बसून. मला आदल्या रात्रीही झोप नव्हती, कारण फोन येईल फोन येईल असं होतं. वर गेल्यावर विमान ऑटोपायलटवर टाकून एकाने थोडा डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने जागं राहायचं, एवढं चालतं आमच्यात. मी विचारलं, काका, झोपू का? ते म्हणाले, मी आहे."

"मग?"

"मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं असेल, आता मी झोपू का. आणि मी म्हणाले, मी आहे. झोपेतच म्हणाले गं, आत्या. सवयच आहे ना आपल्याकडे, लहानपणापासून. त्यांना वाटलं मी जागी आहे, मला वाटत होतं ते जागे आहेत."

"आणि?"

"आणि कुणीच नव्हतं."

कॅप्टन मोठ्याने घोरत होते. बाहेर कुठलंसं विमान उतरलं आणि त्याचा आवाज लांब जाऊन विरला.

"दुसऱ्याच कुठल्यातरी विमानातला माणूस रेडिओवर आम्हाला हाका मारत होता. कधीपासून मारत होता कुणास ठाऊक. खाली उतरायला लागायची जागा मागे पडली होती. बाहेर सगळे ढग, इतके मऊ, इतके पांढरे. मला आधी वाटलं मी इथेच आहे, पंखाखाली. कुणीतरी शिट्टी वाजवेल आणि मग उठायचं." तिने ओठ दाताखाली धरला. "खालच्या कंट्रोलवाल्यांना मी सांगितलं, रेडिओ बिघडलाय. काका म्हणत होते, खरं सांगूया. मीच रडले त्यांच्यापाशी. माझं लायसन्स नवं आहे, बाबा काय म्हणतील... ते तेव्हापासून माझ्यासाठी गप्प आहेत. आणि पलीकडे चाललेत ते पगारासाठी नाही. तिथे 'नाही' म्हटलं तर काही कापत नाहीत, म्हणून."

पलीकडच्या सतरंजीवर वहिनी पाठ करून पडल्या होत्या. ती पाठ इतका वेळ सावकाश वरखाली होत होती. आता ती हलत नव्हती. मग वहिनींनी तशाच पाठमोऱ्या, हात मागे करून चाचपडत मुलीचं पाऊल शोधलं आणि धरून ठेवलं.

*

थोरला या पंखाखाली कधीच झोपला नव्हता. हे घरात कुणालाही माहीत नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. तो डोळे मिटून पडायचा, शिट्टी वाजली की जांभई द्यायचा आणि आळस इतका छान द्यायचा की पाहणाऱ्यालाही द्यावासा वाटे.

त्यामुळे त्याने सगळं ऐकलं.

त्याला आधी आठवला तो मेकॅनिक. रेडिओ दोन्ही हातांत धरून उभा असलेला, शिव्या खाणारा, परत परत एकच सांगणारा की साहेब, यात काही नाही. मग त्याला मुलगी दिसली. ती खिडकीशी मान कलती करून झोपलेली, शेजारी जावई झोपलेले, आणि विमान आपलं आपणच, कुणी न सांगता, ढगांवरून शांतपणे चाललेलं. हे चित्र काही केल्या भयंकर होईना. ते फार सुंदर होतं, आणि भीती वाटत होती ती त्याचीच.

धाकटीच्या उशाशी फोन थरथरला. ती हात पुढे करणार तोच थोरल्याने तो उचलला. बहीण भावाकडे बघत राहिली. तो झोपलेला नव्हता हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं.

तो अनवाणीच बाहेर गेला. तापलेल्या फरशीवर पाय भाजले म्हणून विमानाच्या सावलीत जाऊन उभा राहिला. समोर धावपट्टी उन्हात पाण्यासारखी हलत होती आणि निळं हँगर त्या पाण्यावर तरंगत होतं.

"निघतोय मी घरून," खाणवाला म्हणाला. "तयार आहात ना?"

"आज विमान जाणार नाही."

"का? बिघाड आहे?"

हो म्हणणं किती सोपं होतं! रेडिओ अगदी जिभेवर आला होता.

"नाही," थोरला म्हणाला. "विमान उत्तम आहे. पायलट झोपलेत."

"मग उठवा की!"

"नाही उठवत."

मग खाणवाला म्हणाला, "तुमच्याकडे 'नाही' ऐकावं लागत नाही म्हणून मी तुमच्याकडे येतो. लक्षात आहे ना? मी त्या निळ्या हँगरवाल्यांकडे जाईन. कायमचा."

"जा," थोरला म्हणाला. "फक्त त्यांनाही विचारा, झोप झाली आहे का म्हणून."

फोन बंद झाला. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक गेलं होतं, आणि ते परत कधीच आलं नाही हे पुढे सगळ्यांना जन्मभर ऐकावं लागलं. त्या क्षणी मात्र थोरल्याला पाय भाजल्याचंच काय ते जाणवत होतं. तो मागे वळला तर दारात धाकटी उभी होती, त्याच्या चपला हातात घेऊन.

"दादा, काय सांगितलंस?"

"नाही म्हणालो."

"तू?"

"दमलोय गं." त्याने चपला पायांत सरकवल्या. "माझा आजचा भत्ता काप."

धाकटीला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिला रडू फुटलं. तिने फोन त्याच्या हातून घेतला आणि विस्तव असल्यासारखा दोन बोटांत धरला.

"ऐक," थोरला म्हणाला. "उद्यापासून 'नाही'ला कात्री नाही. सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा नाही, आग लागली तरी. थांबण्याचा पूर्ण पगार मला जमणार नाही, निम्म्याचं बघतो. डॉक्टरीत अडकलेल्याला घरी बसवायचं नाही, तुझ्याबरोबर टेबलाच्या कामाला बसवायचं. आणि रेडिओचं खरं काय ते जिथे सांगायला हवं तिथे सांगायचं. मी जातो तिच्याबरोबर. मेकॅनिककडे आधी जातो."

"कॅप्टन ऐकतील?"

"ते मला विचारू नकोस."

*

कॅप्टन उठून बसले होते. शिट्टीवाचून ते पहिल्यांदाच उठले होते आणि त्यामुळे किंचित हरवल्यासारखे दिसत होते. समोर जागल्या झोपला होता. नात आईच्या हातावर डोकं ठेवून झोपली होती आणि वहिनी हात मुंग्यांनी बधिर झाला तरी हलत नव्हत्या. उजेड म्हातारीच्या चाकांपर्यंत जाऊन पिवळा झाला होता.

"शिट्टी वाजली नाही," कॅप्टन म्हणाले. "खाणवाल्याची वेळ झाली असेल."

"त्याला नाही म्हणून सांगितलं मी," थोरला म्हणाला, आणि हळू आवाजात, काहीही न वगळता, त्याने सगळं सांगितलं.

कॅप्टनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "आमच्या वेळी आम्ही नाही म्हणत नव्हतो," ते म्हणाले. पण त्यात नेहमीचा दम नव्हता. "मीही डुलक्या काढल्यात वर. एकटा असताना. काही झालं नाही कधी."

"तुमच्या वेळी मी जागा असायचो."

"म्हणजे?"

"लहान होतो तेव्हा तुम्ही वर असायचात आणि आई आम्हाला इथे झोपवायची. धाकटी लगेच झोपायची. मी डोळे मिटून तुमच्या इंजिनाचा आवाज येतोय का ते ऐकत पडायचो. वाटायचं, मी झोपलो तर तुम्ही उतरणार नाही. तुम्ही उडायचं सोडलंत तरी ते काही सुटलं नाही. या पंखाखाली मी एकदाही झोपलेलो नाही, कॅप्टन."

"मला वाटायचं तुलाच सगळ्यांत आधी झोप लागते."

"डोळे घट्ट मिटायचो म्हणून."

कॅप्टन खुर्चीच्या हातांना धरून उठले आणि जावयांपाशी गेले. त्यांच्या गळ्यातून दोरी अलगद काढताना जावयांनी दचकून डोळे उघडले.

"विमान?" ते म्हणाले. "वेळ झाली? मी... मला..."

"विमान जागेवर आहे," कॅप्टन म्हणाले. "आज कुणी कुठे जात नाही. तुमचं सगळं मान्य झालंय. म्हणजे, जेवढं जमतंय तेवढं."

जावयांनी धाकटीकडे पाहिलं. तिने मान हलवली. तेवढ्याने त्यांचे ताठ खांदे खाली आले. "मग पलीकडच्यांना नको म्हणून कळवतो," ते उठत म्हणाले.

"तेही झोपून उठल्यावर. पडा."

जावई धाकटीच्या सतरंजीवर आडवे झाले. ती त्यांच्याजवळ बसली आणि तिने फोन बंद करून म्हातारीच्या चाकामागे ठेवून दिला.

"तूसुद्धा पड," कॅप्टन थोरल्याला म्हणाले.

"मी कुठे... मला नाही येत झोप इथे."

"पड म्हणतोय ना."

थोरला कॅप्टनच्याच दोन खुर्च्यांवर पडला. त्याने सवयीने डोळे घट्ट मिटले. मग त्याच्या कानावर ते शब्द आले, जे त्या आवाजात त्याने कधीच ऐकले नव्हते.

"मी आहे," कॅप्टन म्हणाले.

हळूहळू त्याच्या पापण्यांवरचा ताण गेला. तोंड किंचित उघडलं. आपल्या नवऱ्याचं घोरणं वहिनींना या पंखाखाली आज पहिल्यांदाच ऐकू आलं.

बाहेरचा उजेड उतरत गेला. कॅप्टन हत्यारांच्या पेटीवर बसून राहिले. त्यांनी शिट्टी ओठांत धरली होती, आणि ती चुकूनही वाजू नये म्हणून ते जपून, नाकाने श्वास घेत होते.